आलेफबाईंचं कपाट

“कपाट हलणार नाही,” असं आलेफबाई तिसऱ्यांदा म्हणाल्या, तेव्हा सुनेनं हातातली मोजपट्टी सर्रकन मिटवली.

“मग वर्ग हलेल,” ती म्हणाली.

भांडण वर्ग सुटल्यासुटल्या सुरू झालं होतं आणि संध्याकाळचा चहा झाला तरी उतू जायचं थांबलं नव्हतं. तसं पाहिलं तर मूळ मुद्द्यावर घरात कोणाचंच दुमत नव्हतं. सुनेच्या आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. गुरुवारी तिला हॉस्पिटलमधून सोडणार होते. तिच्या घराला तीन जिने, हे घर तळमजल्यावर, तेव्हा दोन महिने ती इथेच राहणार हे सगळ्यांनी आपणहून कबूल केलं होतं. घोडं अडलं होतं ते खाटेपाशी. मागच्या दोन खोल्यांत पाऊल ठेवायला जागा नव्हती, आणि पुढच्या खोलीत खाट मावेल अशा जागा दोनच. एका जागी भिंतभर कपाट उभं होतं. दुसऱ्या जागी दर रविवारी सतरंजी अंथरून अकरा ते एक आलेफबाईंचा वर्ग बसत होता.

“कपाटात देवाचं नाव आहे,” आलेफबाई म्हणाल्या.

“खाटेवर माझी आई असेल. तिलाही नाव आहे.”

सासऱ्यांनी वर्तमानपत्र जरा वर उचललं. ते पाणीपुरवठ्यात मीटर वाचायच्या नोकरीतून निवृत्त झालेले. कोणाच्या घरी किती पाणी वाहून गेलं हे त्यांना तीस वर्षं अचूक कळत होतं. आपल्या घरी पाणी डोक्यावरून चाललंय, हे मात्र त्यांना सांगावं लागायचं. मुलगा चष्म्याच्या दुकानात कामाला होता. दिवसभर लोकांना ‘हे स्पष्ट दिसतंय की हे?’ असं विचारून तो इतका दमायचा, की घरी त्याला दोन्ही बाजू सारख्याच दिसायच्या.

आता आलेफबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. एकतीस वर्षांपूर्वी ज्यूंच्या प्रार्थनाघरातले म्हातारे वाचक वारले. मुलांना हिब्रू अक्षरं आणि आपल्या चालीरीती कोण शिकवणार, याचा विचार करायला सभा भरली. सभेतले पुरुष एकेक करून छताकडे बघायला लागले. पंख्याला किती पाती आहेत हे मोजून झाल्यावर कोणीतरी म्हणालं, की पुस्तकं बांधणाऱ्या कारागिराच्या मुलीला वाचता येतं म्हणतात. येत होतंच. बाप प्रार्थनेची जुनी पुस्तकं शिवायचा आणि पानं उलटसुलट लागू नयेत म्हणून पोरीकडून वाचून घ्यायचा. सभेनं ठराव केला, की योग्य पुरुष मिळेपर्यंत वर्ग तात्पुरता बाईंकडे असावा. योग्य पुरुष एकतीस वर्षांत मिळाला नव्हता. बाई अजून तात्पुरत्याच होत्या.

पण शिकवत मात्र अशा, की ऐकत राहावं. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत दिवे का लावायचे, शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाच्या पावाला वेणी कशी घालायची, शनिवारी लिहायचं का नाही, हे सगळं त्या पिठाचे गोळे, काड्यापेट्या आणि नवऱ्याचे जुने मोजे वापरून शिकवायच्या. एकदा एका चिमुरडीनं विचारलं, की देव शनिवारी आराम करतो तर त्या दिवशी सूर्य कोण वर आणतं? बाई म्हणाल्या, “शुक्रवारीच सगळी तयारी करून ठेवतो, तुझ्या आईसारखी.” त्या रविवारी चार आयांनी घरी जाऊन हे नवऱ्यांना ऐकवलं.

आणि अक्षरं. अक्षरांच्या बाबतीत बाई पाण्यालाही गाळून घेणाऱ्या. उजवीकडून डावीकडे, वरून खाली, रेघ थरथरली की पुन्हा. वर्गात मूल दाखल झालं, की पहिल्या दिवशी पुठ्ठ्यावरच्या पहिल्या अक्षरावर, आलेफवर, मधाचा थेंब ठेवायचा आणि मुलानं तो चाटायचा. शिक्षण गोड लागावं, ही जुनी रीत. आया फोन घेऊन गुडघ्यांवर बसायच्या. प्रत्येक घरात दिवाणखान्यात तो एक फोटो होताच: मूल, जीभ आणि आलेफ.

बाईंचा स्वतःचा असा एक नियम होता, आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. मागे कोणी राहायला नको. म्हणून वर्षात केव्हाही नवीन मूल आलं, की अख्खा वर्ग त्याच्याबरोबर पुन्हा आलेफपासून सुरू व्हायचा. सगळ्यांना पुन्हा मध. पुन्हा पहिली रेघ. ये रे माझ्या मागल्या.

मुलं काही कुकुली बाळं नव्हती. अवघड अक्षरं यायला लागली, की कोणीतरी मावसभावाला घेऊन यायचं, कोणी शेजारच्या मजल्यावरच्या मैत्रिणीला. एकदा तर ज्याच्या सात पिढ्यांत कोणी ज्यू नव्हतं असा एक पोरगा आणला गेला. त्यानं दोनदा मध मागितला, बाईंना नमस्कार केला आणि पुन्हा कधी दिसला नाही. वर्ग मात्र आलेफवर आला होता.

आता कपाट. देवाचं नाव लिहिलेला कागद जुना झाला, फाटला, तरी तो कचऱ्यात टाकायचा नाही, जाळायचा नाही. बाजूला ठेवायचा आणि कधीतरी दफनभूमीत रीतसर पुरायचा, माणसासारखा. नियम एवढाच. बाईंनी त्याला स्वतःची एक शिवण घातली होती. मुलांनी गिरवलेला एकही कागद त्या फेकू द्यायच्या नाहीत, कारण लहान हात कधी काय लिहून जाईल याचा नेम नाही. एकतीस वर्षांचे गिरवलेले कागद. आधी एक खण भरला, मग दुसरा, मग दारं लागेनाशी झाली तेव्हा सासऱ्यांच्या जुन्या पट्ट्यानं कपाट कमरेत आवळलं.

त्यात लोकांनी हात धुऊन घेतले. बाईंकडे कपाट आहे हे कळल्यावर ज्याच्या घरी जे काही टाकवत नव्हतं आणि ठेववतही नव्हतं, ते तिथे यायला लागलं. फाटकी प्रार्थनेची पुस्तकं आली, ते बरोबरच होतं. मग लग्नपत्रिका आल्या. जुनी कॅलेंडरं आली. परदेशातून आलेल्या साबणाचं एक वेष्टन आलं, त्यावर ती अक्षरं छापली होती म्हणून. ते वेष्टन अकरा वर्षं पुस्तकांच्या शेजारी मानानं बसलं होतं आणि पुस्तकांना लिंबाचा वास येत होता.

सून दुसऱ्या गावची. तिथे असला वर्गच नव्हता, त्यामुळे तिला एकही अक्षर येत नव्हतं, आणि येत असल्याचं सोंगही ती करत नव्हती. ती औषधांच्या दुकानात काम करायची. मुदत संपलेला माल फळीवर राहू द्यायचा नाही, हे तिच्या हाडात भिनलं होतं.

“मी टाका म्हणत नाही,” ती शेवटी म्हणाली. “पुरा म्हणते. पुरायचेच आहेत ना ते? मग एकतीस वर्षं कोणाची वाट बघताय? कागद गुरुवारपर्यंत गेले तर खाट भिंतीला लागेल आणि तुमचा वर्ग तुमच्या सतरंजीवर राहील. नाही गेले तर सतरंजी मी गुंडाळते.”

आलेफबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. वर्ग दुसरीकडे नेण्यासारखी जागा नव्हती. प्रार्थनाघराचा हॉल सेक्रेटरी रविवारी भाड्यानं देत असत. सहासष्टाव्या वर्षी एकदा सतरंजी गुंडाळली, की ती पुन्हा कोणी उलगडत नसतं, हे त्यांना न सांगता कळत होतं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. “अहो,” त्या म्हणाल्या, “सेक्रेटरींकडे जाऊन या.”

सेक्रेटरींचं फर्निचरचं दुकान होतं. सभेत छताकडे बघणाऱ्यांपैकी एकाचा हा मुलगा, आणि बाईंच्या वर्गाच्या पहिल्या तुकडीतला पहिला विद्यार्थी. दर शनिवारी प्रार्थनाघरात ते पहिल्या रांगेत, पुस्तक छातीशी धरून, डोळे अर्धे मिटून उभे राहायचे. सासरे परत आले ते त्यांची अट घेऊनच. दफनभूमीत जागा उरलेली नाही. भिंत आणि पाण्याची टाकी यांच्यामध्ये तीन फूट बाय दोन फूट एवढा खड्डा मिळू शकेल. त्यात देवाचं नाव खरोखर लिहिलेलेच कागद येतील. बाकीचा तुमच्या घरचा कचरा, तो घरीच बघावा. निवडून ठेवा, मंगळवारी येऊन पाहून जातो.

“कचरा म्हणाला?” बाईंनी विचारलं.

“फर्निचरवाला माणूस,” सासरे म्हणाले, “त्याला लाकूड सोडून सगळं कचराच वाटतं.”

सोमवारी सुनेनं दुकानातून तीन रिकामी खोकी आणली. एकावर लिहिलं ‘नाव आहे’, दुसऱ्यावर ‘नाव नाही’, तिसऱ्यावर ‘आईंना विचारा’. पट्टा सोडला तसं कपाटानं जोरात श्वास सोडल्यासारखी दारं उघडली आणि पहिल्या झटक्यात सासऱ्यांच्या पायावर नऊ वर्षं येऊन पडली. सगळं घर सतरंजीवर बसलं. सात वर्षांची नातही बसली. ती वर्गातली जुनी जाणती, दोन वर्षांत तिनं दहा-बारा वेळा मध खाल्ला होता.

पुस्तकं पहिल्या खोक्यात गेली. त्रेचाळीस निघाली. साबणाच्या वेष्टनापाशी बाई जरा थांबल्या. त्यांनी ते मोठ्यानं वाचलं, अगदी प्रार्थनेच्या चालीत. अर्थ कोणालाच कळला नाही. वाचता येणं आणि कळणं ही दोन वेगळी कामं, आणि सभेनं बाईंना पहिलंच काम दिलं होतं. वेष्टन दुसऱ्या खोक्यात गेलं. मुलांनी गिरवलेल्या कागदांना मात्र बाईंनी ‘नाव नाही’कडे फिरकू दिलं नाही. एकूण एक ‘आईंना विचारा’मध्ये. ते खोकं भरलं, मग दुसरं आणलं, मग तिसरं, चौथं, पाचवं. उद्या आईंना विचारू, एवढंच सून म्हणाली.

मंगळवारी संध्याकाळी आईंना विचारायची वेळ आली. बाईंनी चष्मा पुसला आणि एकेक कागद डोळ्यांसमोर धरायला सुरुवात केली. पहिल्या अर्ध्या तासात त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. हा अमक्याचा, आता डॉक्टर आहे. ही डावरी होती, बघा रेघ. मुलाचा स्वतःचा सहा वर्षांचा असतानाचा कागद निघाला, त्याला लाल पेन्सिलीचा तारा होता. त्यानं तो खिशात घालायचा प्रयत्न केला आणि बायकोनं परत घेतला.

“नाव आहे?” तिनं विचारलं.

“यात नाही,” बाई म्हणाल्या.

पुढच्यातही नव्हतं. त्याच्या पुढच्यातही. आलेफ, बेथ, गिमेल. आलेफ, बेथ, गिमेल, दालेथ. मग पुन्हा आलेफ. सून कागद पुढे करत होती आणि विचारत होती. बाई मान हलवत होत्या, आणि त्यांचं ‘नाही’ हळूहळू लहान होत चाललं होतं. एक खोकं संपलं. दुसरं संपलं. सुनेला अक्षरं येत नव्हती पण सारखेपणा ओळखता येत होता. एकाच गोळीच्या हजार पट्ट्या हाताळणारीचा हात तो. तिनं शंभर-दीडशे कागदांच्या उजव्या कडा जुळवल्या आणि ओळी कुठे सुरू होतात, कुठे संपतात, ते बोट फिरवून पाहिलं.

“आई,” ती म्हणाली, “देवाचं नाव कुठल्या अक्षरानं सुरू होतं?”

“योद.”

“ते कितवं?”

“दहावं,” बाई म्हणाल्या.

सुनेनं पुढचा प्रश्न विचारला नाही. हा तिचा चांगुलपणा. तिनं गठ्ठा खाली ठेवला आणि हात फ्रॉकला पुसायला निघालेल्या लेकीला फडकं दिलं. पण लेक बापावर गेलेली, तिला गप्प बसायची वेळ कळत नव्हती.

“दहावं पण असतं?” नातीनं विचारलं. “नऊनंतर मध असतो ना, आजी?”

सासऱ्यांनी शेजारी चाचपडून पाहिलं, पण वर्तमानपत्र कागदांखाली गेलं होतं.

आलेफबाईंनी उरलेली खोकी एकटीनं पाहिली. कोणाला हात लावू दिला नाही. पाचशे-सहाशे मुलं, एकतीस वर्षं, आणि एकही कागद नवव्या अक्षराच्या पुढे गेलेला नाही. हिब्रूत एकूण बावीस अक्षरं. मागे कोणी राहायला नको म्हणून त्यांनी सगळ्यांना मागेच ठेवलं होतं, रांगेत, नीट, एकही रेघ थरथरू न देता. आणि ज्या नावाच्या धाकानं त्यांनी घरची भिंत अडवली, सुनेशी दावा मांडला, त्या नावाच्या पहिल्या अक्षराशी त्यांचं एकही मूल पोचलं नव्हतं.

सेक्रेटरी आले ते याच वेळी. आल्याआल्या त्यांनी नजरेनं कपाटाचं लाकूड तपासलं, मग पुस्तकांचं खोकं मोजपट्टीनं मापलं, आणि एवढंच असेल तर खड्डा मोठा होईल, दीड बाय दीड पुरेल, असं म्हणाले. जाता जाता त्यांनी वार्षिक अहवालाचं काढलं. यंदा मुखपृष्ठावर मधाचा फोटो घ्यायचा आहे, बाईंनी एखादं गोरंगोमटं नवीन मूल बघून ठेवावं.

बाईंनी खोक्यातलं सगळ्यात वरचं पुस्तक उघडलं आणि त्यांच्यासमोर धरलं.

“वाच,” त्या म्हणाल्या.

सेक्रेटरी हसले. त्यांनी डोळे अर्धे मिटले आणि शब्बाथची प्रार्थना खड्या आवाजात सुरू केली. आवाज चांगलाच होता. चार ओळी झाल्यावर बाईंनी हात वर केला.

“हे त्या प्रार्थनेचं पान नाही. हे हात धुतानाचं आहे. वाच.”

सेक्रेटरींनी चष्मा लावला. पुस्तक लांब धरलं, जवळ धरलं. मुलाला धंद्यापोटी वाटलं, की नंबर बदललाय, आणि तो तसं म्हणालाही. सेक्रेटरींनी एका अक्षरावर बोट ठेवलं, ते त्यांना आलं. दुसरं आलं. तिसऱ्यावरून बोट उडी मारून पुढे गेलं, तिथूनही घसरलं. घाम पुसून ते खाली बसले, सतरंजीवरच, जिथे एकतीस वर्षांपूर्वी बसायचे जवळजवळ तिथेच.

“बाई, खरं सांगू का?” ते म्हणाले. “मी ते कोपऱ्यातले घड्याळजी आहेत ना, त्यांच्याकडे बघतो. त्यांनी पान उलटलं की मी उलटतो.”

“मी तुमच्याकडे बघतो,” मुलगा म्हणाला, आणि आपण हे बोललो याचं त्यालाच आश्चर्य वाटलं.

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांचा संसार. ते म्हणाले, “मी आपला याच्याकडे बघतो. आपला मुलगा, तू शिकवलेला. म्हटलं, चुकणार नाही.”

आणि घड्याळजींना गेल्या वर्षापासून दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, हे चष्म्याच्या दुकानातल्या मुलाला ठाऊक होतं. त्यानं ते सांगितलं नाही. सांगून काय, अख्खं प्रार्थनाघर दोन मोतीबिंदूंवर चाललंय हे कळून कोणाचं भलं व्हायचं होतं?

सेक्रेटरी उठले. झालं गेलं विसरून जा, या वयात कोण शिकतंय, मुलांनाही पुढे शाळा, पोहणं, नाच, किती काय असतं, चाललंय ते छान चाललंय, तुम्ही चालू ठेवा, असं बरंच काही ते दारापर्यंत बोलत गेले. फोटोचं तेवढं बघा, हे दाराबाहेरून म्हणाले.

आलेफबाई उठल्या. त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन ताटं घेतली. जेवताना कोणी कोणाकडे बघितलं नाही. सुनेला वाटलं, आता सासूबाई वर्ग बंद करतील, आणि ते तिला मुळीच नको होतं. रविवारचे ते दोन तास लेक कुठेतरी बसलेली असते म्हणून घरची इस्त्री होते, हे एक. पण तेवढंच नव्हतं. एवढी मोठी बाई सतरंजीसारखी गुंडाळली गेलेली तिला बघवत नव्हती. तिनं दोनदा काहीतरी बोलायला तोंड उघडलं. एकदा भाजीला मीठ कमी आहे म्हणाली आणि एकदा नाही म्हणाली.

जेवणं आटोपली. बाईंनी हात पुसले आणि सगळे अजून बसलेत तोवरच, आवाज न चढवता, भाजी काय आणायची हे सांगावं तसं सांगितलं.

“पुस्तकं उद्या पुरायची. तुम्ही आणि सेक्रेटरी दोघांनी खणायचं, माणूस लावायचा नाही. मुलांचे कागद रद्दीत द्या. कपाटही कोणाला हवं असेल तर द्या. खाट भिंतीला लागेल.” मग त्या सुनेकडे वळल्या. “वर्ग इथेच बसेल. तुझ्या आईला आवाजाचा त्रास होईल, पण दोनच तास. रविवारी दहाव्या अक्षरापासून सुरू करणार आहे. नवीन मूल आलं तर त्याला आधीची नऊ ही शिकवेल.” नातीनं तोंड वाकडं केलं, त्याकडे त्यांनी पाहिलं नाही. “वर्ग मागे जाणार नाही.” मग त्यांनी नवऱ्याकडे आणि मुलाकडे पाहिलं. “आणि हे, तू, सेक्रेटरी, तिघांनी यायचं. सेक्रेटरींना सकाळी मी स्वतः सांगून येते. अकराच्या ठोक्याला.”

“मी पण बसू?” सुनेनं विचारलं.

“तुला पहिल्यापासून यावं लागेल,” आलेफबाई म्हणाल्या. “साडेदहाला ये.”